वायना पिच्चू की माचू पिच्चू डोंगर? आधी तिकिटावरचा आकडा बघा

गुहागरच्या एका ताईंनी विचारलं आहे. आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली की, म्हणजे मेच्या अखेरीस, घरची चार माणसं पेरूला निघणार आहेत. त्या स्वतः ४८ वर्षांच्या, उजवा गुडघा कुरकुरतो. यजमान ५३, त्यांना उंचावरून खाली बघवत नाही. लेक १६ वर्षांची, आणि सासूबाई ७०, बीपीची गोळी चालू. माचू पिच्चूसाठी, म्हणजे इंका राजवटीच्या ओस पडलेल्या डोंगरी शहरासाठी, दोन दिवस राखून ठेवले आहेत. तिथे अवशेषांच्या दोन बाजूंना दोन डोंगर आहेत, वायना पिच्चू आणि माचू पिच्चू डोंगर. दोन्हींची तिकिटं वेगळी, दोन्हींची माहिती वाचून डोकं भंजाळलं, तर कुठला चढावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी महाडचा. बावीस वर्षं रायगड, लिंगाणा, मंगळगड, कावळ्या ह्या भागात माणसं घेऊन हिंडतो, आणि २०१७ पासून पेरूला पाच वेळा आपल्याकडचे गट घेऊन गेलो आहे. त्यात तुमच्यासारखी घरंच जास्त होती, एक तरणी पोर, एक दुखरा गुडघा आणि एक आजी. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून.

पहिल्या दिवशी दुपारच्या वेळेचं, चौघांसाठी सर्किट २ चं तिकीट काढा (सर्किट म्हणजे आत फिरायची ठरवून दिलेली वाट), त्यातही २-ए मार्गाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि लेकीने वायना पिच्चू करा, त्याचं तिकीट ३-ए. त्याच वेळी यजमान आणि सासूबाईंनी ३-बी घ्यावं, म्हणजे खालच्या अंगाने शहरातून निवांत फिरणं. माचू पिच्चू डोंगर ह्या खेपेला सोडा. आणि काही कारणाने दोनाऐवजी एकच दिवस मिळाला, तर दोन्ही डोंगर सोडा आणि २-ए तेवढं बघा. डोंगर दाखवणं हाच माझा धंदा आहे, तरी हे मी अगदी मनापासून सांगतो आहे.

नावांचा घोळ आधी मिटवू. केचुआ ह्या तिकडच्या भाषेत 'माचू' म्हणजे म्हातारा, 'वायना' म्हणजे तरुण, 'पिच्चू' म्हणजे शिखर. अवशेष आहेत ते ह्या म्हाताऱ्या आणि तरुण डोंगरांच्या मधल्या खांद्यावर, २,४३० मीटरवर. सगळ्या फोटोंमध्ये शहराच्या मागे शिंगासारखा उभा दिसतो तो वायना पिच्चू, उंची सुमारे २,७०० मीटर. माचू पिच्चू डोंगर त्या फोटोत कधीच येत नाही, कारण फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असतो. तो ३,०८२ मीटर. म्हणजे तरुणावर शहरापासून पावणेतीनशे मीटरच्या आत चढ आहे आणि म्हाताऱ्यावर साडेसहाशे मीटर. चित दरवाजापासून रायगडाच्या पायऱ्या चढून जाता तेव्हा जेवढी छाती भरते, त्याहून म्हाताऱ्याचा चढ मोठा आहे, आणि तोही विरळ हवेत.

आता तिकिटावरच्या आकड्याची गोष्ट. ही न कळल्यामुळे मी माझ्या माणसांचं नुकसान होऊ दिलं आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

जून २०२४ पासून तिथे नवी पद्धत आहे. पूर्वी एकदा आत गेलं की बऱ्यापैकी मोकळेपणाने हिंडता यायचं. आता तीन सर्किटं आहेत आणि प्रत्येकाचे पोटमार्ग. सर्किट १ वरच्या मजग्यांवरून, म्हणजे उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलेल्या शेतांवरून, शहराचं दर्शन घडवतं. सर्किट २ म्हणजे पूर्वीची नेहमीची वाट, वरून दर्शन आणि मग दरवाजातून आत शहरात. सर्किट ३ खालच्या अंगाने जातं. सूर्यमंदिर, इंकाचा वाडा, एकाखाली एक पाण्याची कुंडं, कॉन्डॉर गिधाडाच्या आकाराचं मंदिर, हा सगळा भाग त्यात येतो. वाट एकेरी. पुढे गेलं की मागे फिरता येत नाही, बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत येता येत नाही. माचू पिच्चू डोंगराचं तिकीट सर्किट १ ला जोडलेलं आहे (१-ए), वायना पिच्चूचं सर्किट ३ ला.

म्हणजे काय होतं ते २०२४ च्या सप्टेंबरात मी डोळ्यांनी बघितलं. नऊ जणांचा गट होता. तिकिटं एका एजंटाकडून घेतली होती. 'मोठ्या डोंगराचं तिकीट आहे, त्यात सगळं आलं' असं त्याने सांगितलं आणि मी ते मानलं. सकाळी डोंगर चढलो, उतरलो, सगळे खुशीत वरच्या मजग्यावर येऊन उभे राहिलो. समोर सगळं शहर ऊन खात पसरलेलं. चिपळूणच्या एक काकू होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी ओढणी सावरली आणि विचारलं, "भाऊ, आता खाली उतरायचं ना?" मी गाइडकडे बघितलं. त्याने रखवालदाराकडे. रखवालदाराने तिकिटं बघितली, मान हलवली आणि बाहेरची वाट दाखवली. आमच्या तिकिटात शहरच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी होती. त्या काकू इतक्या लांब येऊन शहराच्या दगडाला हात न लावता परतल्या. पायथ्याच्या गावात रोज काही तिकिटं खिडकीवर मिळतात, ती मिळवायला मी दुपारभर रांगेत होतो, नाही मिळाली. तेव्हापासून मी एजंटाच्या तोंडी शब्दावर जात नाही. पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः बसून, प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या नावानिशी तिकीट काढतो आणि मार्गाचा आकडा आणि अक्षर दोन माणसांकडून वाचून घेतो.

लिंगाण्याच्या माथ्यावरून रायगड फार सुंदर दिसतो. पण तेवढ्याने होळीचा माळ, बाजारपेठ आणि जगदीश्वर बघितल्यासारखं होत नाही. नुसतं १-ए घेणं म्हणजे तसं आहे.

आत बघण्यासारखं काय आहे, हे गुहागरच्या माणसाला मी वेगळ्या तऱ्हेने सांगेन. मंदिरं, राजवाडे सगळे गाइड दाखवतात. तुम्ही भिंतींच्या बुडाशी बघा. मजग्यांच्या दगडी बांधाला आणि घरांच्या भिंतींना खाली पंज्याएवढी भोकं ठेवलेली दिसतील. ती पाण्याच्या वाटा आहेत. हे शहर पंधराव्या शतकाच्या मध्यावर, पाचाकुती नावाच्या इंका राजाच्या काळात बांधलं गेलं. उभ्या उतारावर, भूकंपाच्या पट्ट्यात, आणि वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो अशा जागी. अभ्यासकांनी तिथले मजगे खणून बघितले, तर वर माती, खाली वाळू-बारीक खडी आणि तळाशी दगडांचा भराव असे थर निघाले. पाणी मातीत अडकूच नये, झिरपून वाटेला लागावं, ह्यासाठी ही मेहनत. तिथे काम केलेल्या अभियंत्यांचा अंदाज आहे की बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली आहे.

आपल्याकडे गडगा रचताना म्हातारी माणसं जांभ्याच्या चिऱ्यांत मुद्दाम फट ठेवायची, 'पाण्याला जाऊ दे' म्हणून. २०२१ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळून आला. ती रात्र आणि नंतरचे दिवस मी जवळून बघितले आहेत. त्यानंतर पहिल्यांदा माचू पिच्चूला गेलो तेव्हा त्या भोकांपाशी किती वेळ उभा होतो, मलाच कळलं नाही. साडेपाचशे-सहाशे पावसाळे खाऊन तो उतार जागेवर आहे. शहर शंभरेक वर्षांत ओस पडलं, मग रान माजलं, १९११ साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन अभ्यासक तिथल्या शेतकऱ्यांच्या मदतीने पोचला तेव्हाही मजगे उभे होते आणि दोन-तीन कुटुंबं त्यातल्या काहींवर पीक घेत होती. हे बघायचं तर शहरात उतरावंच लागतं.

म्हणून आधी २-ए. त्यात तुम्हाला तो प्रसिद्ध फोटोही मिळतो आणि आत जायलाही मिळतं. दुपारची वेळ अशासाठी की सकाळचं धुकं निवळलेलं असतं, गर्दीचा पहिला लोंढा ओसरलेला असतो, आणि खोऱ्यातल्या ओयांताइताम्बो गावाहून सकाळच्या रेल्वेने निघून, पायथ्याच्या गावी सामान टाकून, जेवून वर जाता येतं.

आता वायना पिच्चू. हा सगळा खेळ पायऱ्यांचा आहे. शहराच्या उत्तर टोकाला चौकी आहे, तिथे वहीत नाव, वेळ लिहून सही करायची आणि परत येताना पुन्हा सही. वाट आधी थोडी उतरते, एका अरुंद खिंडीतून जाते आणि मग जी वर सुटते ती माथ्यापर्यंत. चढायला पाऊण ते एक तास, सगळं मिळून दोन ते तीन तास. तुम्ही कधी पनवेलजवळचा कलावंतीण दुर्ग केला असेल, तर अंदाज येईल. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला हवा. काही ठिकाणी धरायला लोखंडी दोर लावला आहे. माथ्याच्या जवळ एक बोगद्यासारखी कपार लागते, तिथून बसून, पाठीवरची पिशवी हातात घेऊन सरकावं लागतं.

अवघड आहे ते उतरणं. माथ्याखालच्या बांधकामाला लागून पायऱ्यांची एक माळ आहे, त्यावरून ह्या डोंगराला 'मरणाच्या पायऱ्या' असं बदनाम केलं गेलं. पायरी किती रुंद? माझा बूट आठ नंबरचा, तो सरळ ठेवला तर टाच दगडावर आणि निम्मं पाऊल बाहेर. तिथे सरळ पाऊल टाकायचंच नाही. खेकड्यासारखं आडवं उभं राहायचं, पाऊल पायरीच्या लांबीत ठेवायचं, एक हात डोंगराकडच्या दगडावर, आणि खालचा पाय पूर्ण टेकल्यावरच वरचा उचलायचा. भीती वाटली तर सरळ बसावं आणि पायरी-पायरीने बुडावर उतरावं. अठरा वर्षांची पोरं तशी उतरताना मी बघितली आहेत आणि मीही पावसात तसाच उतरलो आहे. तुमची लेक हे सगळं हसत करेल. तिला एकच गोष्ट बजावा, चालताना मोबाइल खिशात. फोटो थांबून काढायचा, चालत नाही.

तुमच्या गुडघ्यासाठी मी हाच डोंगर का सुचवतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दुखरा गुडघा चढताना तितका बोलत नाही, उतरताना बोलतो, आणि तो पायरीच्या उभेपणापेक्षा पायऱ्यांच्या संख्येने जास्त थकतो, असा माझा अनुभव आहे. माचू पिच्चू डोंगरावर साडेसहाशे मीटर दगडी पायऱ्या उतरायच्या आहेत. वायना पिच्चूवर त्याच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातला खरा उभा भाग हाताच्या आधाराने, सावकाश करायचा आहे. मात्र गुडघ्याचा पट्टा घाला. काठी तिकडे रबरी टोपी लावलेलीच चालते आणि तीही मुख्यतः वयस्कर माणसांसाठी. वायना पिच्चूवर तसेही दोन्ही हात मोकळे पाहिजेत, तेव्हा काठी सासूबाईंना द्या.

माथ्यावर जागा फार नाही. मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर रेलले आहेत, लोक पाली बसल्यासारखे त्यावर बसलेले असतात. तिथून शहर खाली दिसतं, आणि आदल्या दिवशी तुम्ही त्यातून चाललेल्या असल्यामुळे बोट ठेवून सांगता येतं की तो दरवाजा, ती सासूबाई टेकल्या होत्या ती पायरी. आधी शहर आणि मग डोंगर हा क्रम मी कधीच उलटा करत नाही, तो ह्याचसाठी.

वेळ कुठली घ्यावी? वायना पिच्चूवर सकाळच्या ठरावीक तुकड्या सोडतात. अगदी पहिल्या तुकडीत जायचा मोह सगळ्यांना होतो. पण मे-जूनमध्येही सकाळी सातला दरीतून धुकं उठलेलं असतं, आणि माथ्यावर जाऊन पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलेले गट मी बघितले आहेत. त्यानंतरची, म्हणजे आठ-नऊच्या सुमाराची तुकडी मिळाली तर घ्या. ही तिकिटं मोजकी असतात आणि लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की विमानाआधी हेच तिकीट बघा. तुमचा महिना छान निवडला गेला आहे. तिकडे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, मेमध्ये कोरडा हंगाम लागलेला असतो आणि जून-जुलैची गर्दी अजून यायची असते.

म्हाताऱ्या डोंगरावर माझा राग नाही. उलट मला एकट्याला जायचं असेल तर मी तोच चढतो. वाट रुंद, माणसं कमी, दोन्ही बाजूंना झाडोरा, त्यात ऑर्किडं. दीड-दोन तास एकाच लयीत चढत राहायचं. माथ्यावरून शहर काडेपेटीएवढं होतं, तो शिंगासारखा वायना पिच्चू चक्क टेकडी वाटतो, उरुबाम्बा नदीने डोंगराला घातलेला वळसा पूर्ण दिसतो आणि हवा मोकळी असेल तर साल्कान्तायचं ६,२७१ मीटरचं बर्फाचं शिखर. ज्याने शहर आधी बघितलं आहे, ज्याचे गुडघे धड आहेत आणि ज्याला गर्दीचा कंटाळा आहे, त्याने तो जरूर करावा. वेळ तीन ते चार तास धरा.

यजमानांना मात्र 'तो रुंद आहे, तुम्ही तो करा' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. वरच्या टप्प्यात तिथेही एक बाजू उघडी पडते, आणि ज्याला खाली बघवत नाही त्याच्या पोटात तेवढ्यानेही गोळा येतो. उंचीची भीती हा काही धाडसाचा प्रश्न नाही, शरीर तसं वागतं. अशा माणसाला मध्यावर अडकलेलं बघणं त्याच्यासाठी आणि घरच्यांसाठी फार वाईट असतं. त्यांना डोंगर चढल्याचं समाधान हवंच असेल तर उचुय पिच्चू म्हणून एक छोटा सुळका आहे, जेमतेम २,४९७ मीटरचा, वायना पिच्चूच्या शेजारी (३-डी). तो मार्ग गर्दीच्या हंगामातच उघडतात, तेव्हा तुमच्या तारखांना आहे का ते संकेतस्थळावर बघा. आणखी एक. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावातून वर नेणारी बस वळणावळणाच्या कच्च्या रस्त्याने जाते, आंबेनळी घाट परवडला असं वाटतं. खिडकी आलटून पालटून दरीकडे येते, म्हणून त्यांना मधल्या वाटेकडच्या सीटवर बसवा. अर्ध्या तासाच्या आत वर पोचता.

आता जे डोंगरांपेक्षा महत्त्वाचं आहे ते. आपण समुद्राच्या पातळीला राहणारी माणसं. गुहागरच्या घरातून पाय निघतो तो थेट कुस्कोच्या विमानतळावर पडतो, ३,४०० मीटरवर. लिमाहून विमान दीड तासाच्या आत तिथे नेतं. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल ते तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज पोहणारा तरणा मुलगा डोकं धरून बसतो आणि आजी चहा पीत असते. त्यामुळे 'आम्ही रोज किनाऱ्यावर पाच किलोमीटर चालतो' ह्याचा उपयोग पायांना होईल, उंचीला नाही.

उपाय सोपा आहे. कुस्कोला उतरलात की तिथे मुक्काम करू नका, गाडी करून तशाच उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात खाली या. ओयांताइताम्बो सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही, जड जेवायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं. मग रेल्वेने आग्वास कालिएन्तेस, ते आणखी खाली, २,०४० मीटरवर. तिथवर चारचाकीचा रस्ता नाही, रेल्वे हीच सोय. कुस्को शेवटी बघा, तोवर अंग सरावलेलं असतं. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं पहिल्या दिवशी होऊ शकतं, विश्रांतीने उतरतं. वाढत गेलं, किंवा बसल्या जागी धाप लागायला लागली, तर वाट न बघता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी देतात, ती स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. सासूबाईंना निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि उंचीचे आकडे कागदावर लिहून दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी वरचेवर लघवीला लागतं, आणि माचू पिच्चूच्या आत एकही स्वच्छतागृह नाही. गोळीची वेळ बदलता येईल का, हेही तिथेच विचारा. फाटकाबाहेर जाऊन घेतल्याशिवाय कोणालाच आत सोडू नका.

तिकडे पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात, तो चालतो. पण पानं किंवा पुड्या आठवण म्हणून बॅगेत घालू नका, आपल्या देशात त्यावर बंदी आहे.

पीतज्वराच्या लसीचं आत्ताच बघा. पेरूहून परतणाऱ्याकडे भारतात ह्या लसीचा दाखला मागतात, तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून सासूबाईंचा निर्णय केंद्रावरच्या डॉक्टरांशी बोलून, वेळ हातात ठेवून घ्या. तिकिटं काढून झाल्यावर हा प्रश्न उभा राहिला तर फार धावपळ होते.

कपड्यांचं म्हणाल तर तिकडे तो हिवाळा. दिवसा माचू पिच्चूला ऊन चटकतं, पण कुस्कोत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. गुहागरच्या कपाटात स्वेटर नसतो हे मला माहीत आहे, चौघांना एकेक बरं जाकीट घ्या. आत लांब बाह्यांचा सदरा हवाच, कारण तिथली बारीक चिलटं चावली की आठवडाभर खाज जात नाही. छत्री नको, अंगात घालायचा रेनकोट पुरे. पाठीवरची पिशवी छोटी, ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरच्या आतली. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या चालत नाहीत, स्टीलची घ्या. खाणं आत नेता येत नाही, म्हणून डिंकाचे लाडू फाटकाबाहेरच संपवा. अस्सल पासपोर्ट प्रत्येकाच्या अंगावर हवा, झेरॉक्स चालणार नाही.

सासूबाईंविषयी थोडं. २-ए मध्ये फाटकापासून वरच्या मजग्यापर्यंत वीसेक मिनिटांची चढण आहे, ती तिकिटावरची वेळ पाळून पण सावकाश करा, दर वळणावर थांबून. मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ द्या, कोणी काही म्हणत नाही. आतल्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघाभर. उतरताना यजमानांनी त्यांच्या एक पायरी पुढे राहावं, मागे नाही. दुसऱ्या दिवशीचा ३-बी त्या मानाने सोपा आहे, आणि त्यात ओळीने सोळा कुंडं येतात. झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून एका कुंडातून दुसऱ्यात पडत जातं. आमच्या गटातल्या एका आजी तिथे पदर खोचून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या माहेरच्या पाटाचं पाणी असंच यायचं बागेत. सासूबाईंना तिथे घाईने पुढे नेऊ नका.

शेवटचं काम ह्या हिवाळ्यात करायचं. गुहागरहून एक दिवस काढून रायगडला या. पाचाडवरून चित दरवाजाने पायऱ्यांनी चढा आणि पायऱ्यांनीच उतरा. रोपवेचा पाळणा सासूबाईंसाठी, तुमच्यासाठी नाही. चढायला किती वेळ लागला ते महत्त्वाचं नाही. उतरून पाचाडात आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय म्हणतो, ते नीट लक्षात ठेवा. सुजला किंवा लंगडावं लागलं, तर तिकीट काढण्याआधी मला कळवा. मग तुम्हीही ३-बी घ्या, आणि लेकीसोबत वायना पिच्चूवर गाइडला पाठवू. तसं केलंत तर दोन गाइड लागतील, त्याचा खर्च आधीच धरून ठेवा.